बटण कोणाच्या हातात?

पाठाची टाचणे काढताना ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्द आम्ही शिक्षक जवळजवळ डोळे झाकून लिहितो. फळ्याशेजारी एखादा तक्ता टांगला, दोन सोपे प्रश्न विचारले, की वातावरण तयार झाले असे समजायचे आणि धड्याला हात घालायचा. वातावरण शिक्षकाने तयार करायचे आणि मुलाने त्यात गुमान बसायचे, ही वाटणी आपल्यात इतकी मुरली आहे की तिच्यात विचारण्यासारखे काही आहे असे बी.एड. करताना कुणी सुचवलेही नाही. पण काही मुले अशी असतात की त्यांना वातावरणच बोचते. त्यांच्यासाठी ते कसे तयार करायचे, आणि त्याहून अवघड म्हणजे ते कुणी चालवायचे, हा प्रश्न वरवर तंत्राचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे.

मी ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल बोलते आहे. मराठीत त्यांना ‘स्वमग्न’ म्हणतात. हा शब्द मला कधीच पटला नाही. ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हे नाव आले. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अमेरिकेत 11 मुलांचे वर्णन करताना ते वापरले आणि हे मूल स्वतःत बुडालेले आहे, बाहेरच्या जगाशी त्याला देणेघेणे नाही, अशी समजूत रूढ झाली. खुद्द कॅनर यांच्या त्या लेखात मात्र ही मुले मोठ्या आवाजांना आणि हलणाऱ्या वस्तूंना घाबरतात अशी नोंद आहे. म्हणजे बाहेरचे जग त्यांच्यापर्यंत पोचत नाही असे नाही. ते नको तितके पोचते. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण आपल्या कानांनी केव्हाच सोडून दिलेली असते, या मुलाच्या कानांना ती सोडत नाही. सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टी त्याला काट्यासारखी टोचते. उलट एखाद्याला पडल्याचे, खरचटल्याचे चटकन कळतही नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना असा कमी-जास्त प्रतिसाद देणे हे निदानाच्या निकषांत स्पष्ट शब्दांत आले. ज्याला आपण स्वमग्न म्हणतो तो बरेचदा जगाच्या माऱ्याखाली कान झाकून बसलेला असतो. त्या बसण्याला आपण नाव दिले, माऱ्याला दिले नाही.

अशा मुलांसाठी वेगळ्या खोल्या बांधण्याचा विचार 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये जोमाने सुरू झाला. एडे या गावातल्या डे हार्टेनबर्ग या संस्थेत गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे राहत. तिथल्या यान हुल्सेगे आणि आड व्हेरहूल या दोघांनी मंद प्रकाश, सावकाश बदलणारे रंग, मऊ गाद्या, सुगंध, हलके संगीत असे सारे एका जागी आणले. त्याला त्यांनी ‘स्नूझेलेन’ म्हटले. हुंगत शोधणे आणि डुलकी घेणे, अशा अर्थांच्या दोन डच क्रियापदांचा तो जोडशब्द आहे. नाव फार प्रेमळ आहे, हेतूही तसाच होता: इथे कुणाकडून काही करवून घ्यायचे नाही. पुढे अशा खोल्या युरोपभर आणि इतरत्र पसरल्या. पाण्याने भरलेली उंच पारदर्शक नळी, तिच्यात खालून वर चढणारे बुडबुडे आणि बदलत जाणारा रंग, हा दिवा आता अशा प्रत्येक खोलीची जणू ओळखच झाला आहे.

इथपर्यंत सारे गोड आहे. पण माझ्या मनातून एक दुसरी खोली जात नाही. ती डच खोलीच्या आधीची आहे.

1965 मध्ये इव्हार लोवास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच वर्षांचे दोन जुळे भाऊ. ते कुणाजवळ जात नसत, हाकेला ओ देत नसत. खोलीच्या जमिनीवर धातूच्या अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि त्यांतून विजेचा झटका देण्याची सोय होती. झटका किती असावा हे ठरवण्यासाठी प्रयोग करणारे स्वतः त्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि नक्की दुखते, भीती वाटते, एवढ्यावर तो आणून ठेवला. ‘इकडे ये’ म्हटल्यावर मूल आले नाही, की पायाखालून झटका. माणसाजवळ पोचले, की झटका बंद. मुले माणसांकडे येऊ लागली, त्यांना बिलगू लागली. ठरवलेल्या कसोटीवर प्रयोग यशस्वी झाला.

आता त्या खोलीकडे आजच्या शब्दांतून पाहा. ‘परस्परसंवादी वातावरण’ म्हणजे मुलाच्या हालचालीला उत्तर देणारे वातावरण. मग ती जमीनही परस्परसंवादी होती! मुलाच्या एकेका पावलाला ती उत्तर देत होती, आणि अगदी बिनचूक. तंत्राच्या व्याख्येत ती बसते. म्हणून ‘वातावरण उत्तर देते का’ एवढे विचारून भागत नाही. ‘गुण आला का’ हा प्रश्नही पुरत नाही, कारण गुण आला होता. ते मूल माणसाला बिलगत होते तेव्हा त्याला माणूस हवा होता, की फक्त झटका नको होता? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आमच्या शिस्तीच्या वर्गांतही दोन्ही सारखेच दिसते, म्हणून हा प्रश्न मला दूरच्या देशाचा वाटत नाही.

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत युरोपात आणखी एक जमीन तयार झाली. ‘मीडिएट’ नावाच्या प्रकल्पात बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातले नार्सिस पारेस आणि इंग्लंड-नेदरलँड्समधल्या संस्था एकत्र आल्या होत्या. ज्यांना बोलता येत नाही अशा, गंभीर ऑटिझम असलेल्या मुलांसाठी त्यांनी मोठ्या पडद्यांची एक जागा उभारली. मूल हलले की पडद्यावरची चित्रे त्याच्याबरोबर हलत, पावलांना जमीन आवाजाने उत्तर देई, हात लावता येईल असे पृष्ठभाग होते. आत जाण्याआधी काही शिकावे लागत नसे आणि आत काही साध्य करायचे नसे. उपचार हा मुख्य हेतू नव्हता. हेतू एवढाच, की एरवी ज्याच्यावर सारे काही घडत राहते त्या मुलाला ‘हे माझ्यामुळे घडले’ असे एकदा वाटावे. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना फाइल आणि मफऊल शिकवते. मराठीत कर्ता आणि कर्म. त्या प्रकल्पाचे सारे तंत्रज्ञान मुलाला कर्माच्या जागेवरून उठवून कर्त्याच्या जागी बसवण्यासाठी खर्ची पडले होते.

दोन जमिनी. दोन्हींखाली तारा, दोन्ही पावलांना उत्तर देणाऱ्या. एकीवर मुलाने काय करायचे ते आधी ठरले होते, दुसरीवर ठरले नव्हते.

टेंपल ग्रँडिन यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल, त्यांच्यावर 2010 मध्ये चित्रपटही आला. लहानपणी त्यांना कुणी कवेत घ्यावे असे वाटे, पण कुणी घेतले की तो स्पर्श सहन होत नसे. माणसाचे प्रेम त्यांना लाटेसारखे अंगावर येई. ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या वाड्यावर त्यांनी पाहिले, की लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी फळ्यांमध्ये दाबून धरतात तेव्हा काही जनावरे शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसे यंत्र बनवले. दोन बाजूंनी मऊ फळ्या, मध्ये आपण, आणि दाब कमी-जास्त करणारा दांडा आपल्याच हातात. मोठ्यांना हा प्रकार विचित्र वाटला, यंत्र काढून घेण्याचेही प्रयत्न झाले. मला त्यातला दांडा महत्त्वाचा वाटतो. दाब तोच, पण दुसऱ्याने दिला तर गुदमर आणि स्वतः घेतला तर आराम. आपण मुलांना जवळ घेतो तेव्हा दांडा कुणाकडे असतो?

वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच गोष्ट अलीकडे पडताळून पाहिली. 4 ते 12 वर्षांच्या 41 ऑटिस्टिक मुलांना त्यांनी बहुसंवेदी खोलीत नेले. कधी दिवे-आवाज बदलण्याची मुभा मुलाला, कधी संशोधकाकडे. खोली तीच, बुडबुड्यांचा दिवा तोच. मुभा मुलाकडे असताना त्याचे लक्ष अधिक टिकले आणि तीच ती हालचाल, तेच ते आवाज काढणे कमी झाले. या निष्कर्षाचा आनंद होतोच, पण एक खोचही आहे. समजा लक्ष टिकले नसते, तर मुलाच्या हातातून बटण काढून घेणे बरोबर ठरले असते का? हक्क उपयोगी ठरला म्हणूनच द्यायचा असेल, तर तो हक्क नव्हे, बक्षीस झाले.

आणि बक्षीस हाच आम्हा शिक्षकांचा जुना आजार. मानसशास्त्राच्या पेपरात आम्ही प्रबलन पाठ करतो: हवे ते वर्तन झाले, की लगेच काहीतरी आवडीचे द्या. लोवास यांच्या परंपरेतही झटका पुढे बहुतेक ठिकाणी मागे पडला, बक्षीस राहिले. एका शहरातल्या एका केंद्रात मी बुडबुड्यांचा दिवा पाहिला. फार देखणा होता. एक मुलगी त्याच्याकडे टक लावून बसली होती आणि तो बंद होता. पाच मणी ओवले की पाच मिनिटे दिवा, असा नियम. बटणांचा बोर्ड दाराजवळ, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. आपल्याकडे बोर्ड उंचावरच असतो, मुलांचा हात विजेला लागू नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्या खोलीची सारी नीती मला त्या उंचीत दिसली. ज्या वस्तूचा शोध ‘इथे काही करवून घ्यायचे नाही’ असे सांगण्यासाठी लागला, तिच्याच बदल्यात मणी ओवून घेतले जात होते. तिथल्या बाई निष्ठुर होत्या असे मुळीच नाही. त्यांना मुलीने काहीतरी शिकावे अशी खरी तळमळ होती, आणि पालकांना दर महिन्याला दाखवायला ओवलेले मणी लागतात. दिव्याकडे पाहत राहिल्याचा अहवाल कसा लिहायचा?

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतो. असे लाड केले तर मूल बाहेरच्या जगात कसे टिकेल? जग काही मंद दिव्यांचे नाही. भिवंडीत तर नाहीच. सकाळपासून रात्रीपर्यंत लूमची खटाखट, तिच्यात रिक्षा, लाउडस्पीकर आणि पत्र्याच्या छपराखालचे आमचे वर्ग.

या आक्षेपाचा विचार कैरोच्या वास्तुविशारद मॅग्डा मुस्तफा यांनी फार नेटका केला आहे. ऑटिझम असलेल्या मुलांच्या शाळा कशा बांधाव्यात यावर त्यांचे काम आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी एका शाळेतल्या खोल्यांचा आवाज आणि मांडणी बदलून मुलांच्या लक्षात आणि वागण्यात काय फरक पडतो ते पाहिले; फरक पडला. पुढे त्यांनी त्यातून सात तत्त्वे बांधली. आवाजाचा बंदोबस्त, कामांच्या क्रमाप्रमाणे जागांचा क्रम, गोंगाटाच्या आणि शांत जागा वेगळ्या ठेवणे, त्यांच्यामध्ये उंबरठ्यासारखी संक्रमणाची जागा, आणि माझ्या मते सर्वांत मोठे तत्त्व म्हणजे प्रत्येक मोठ्या जागेत एक छोटासा सुटकेचा कोपरा. त्याचबरोबर त्यांनी सावधही केले, की सर्व खोल्या सारख्याच शांत करू नका. काचघरात वाढलेल्या रोपासारखे मूल बाहेर आल्यावर कोमेजेल. शांततेच्या पायऱ्या ठेवा, मुलाला एकेक पायरी उतरू द्या. कैरो काही शांत शहर नव्हे, म्हणून मला हे बोल पुस्तकी वाटत नाहीत.

तरी एक गोष्ट मी त्यात जोडेन. कोणता आवाज गोंगाट आणि कोणता आसरा, हे ठरवण्याची घाई आपण करू नये. आमच्या शाळेत एक मुलगा होता. पाढ्यांचा गजर सुरू झाला की तो कान दाबून बाकाखाली जाई आणि लोखंडी घंटेचा टोल पडला की किंचाळे. असाच मुलगा लूमच्या कारखान्याजवळ तर वेडा होईल, असे सगळ्यांना वाटे. मधल्या सुट्टीत मात्र तो मागच्या भिंतीला गाल लावून उभा राही, आणि त्या भिंतीपलीकडे बारा लूम चालत. थरथरणाऱ्या भिंतीवर त्याचे दोन्ही तळवे टेकलेले असत, चेहरा निवांत. मोठा आवाज त्याला खुपत नव्हता. अचानक येणारा आवाज खुपत होता. धोट्याची फेक एका लयीत चालते, पुढचा ठोका केव्हा पडणार ते त्याला ठाऊक असे. घंटा मात्र शिपायाच्या मर्जीने वाजे. आणि भिंतीपासून तो हवे तेव्हा बाजूला होऊ शकत होता. एखाद्या तज्ज्ञाने त्याच्यासाठी खोली बांधली असती, तर सगळ्यात आधी लूमचा आवाज बंद केला असता.

माझ्या या भूमिकेची खरी अडचण लाडांची नाही, दुसरीच आहे. बटण हातात दिले आणि मूल तासन्तास तेच एक बटण दाबत राहिले, तर? हे कर्तेपण आहे की नवी कैद? मीडिएटच्या लोकांनाही हा प्रश्न पडला होता. मूल त्याच त्या हालचालीत अडकले, तर जागेने काहीतरी नवे त्याच्यापुढे करावे, असा विचार त्यांच्या रचनेत होता. बळजबरी नाही, फक्त आमंत्रण. मला हे पटते, पण पूर्ण समाधान होत नाही. तेच ते करण्यात मुलाला काय मिळते हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. आजी दिवसभर तसबीह फिरवते तेव्हा तिला नवा खेळ सुचवायला कुणी जात नाही. आणि तरीही, ज्याने एकच बटण पाहिले आहे त्याने तेच निवडले, याला निवड म्हणायचे का? दुसरे बटण समोर ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे, एवढे मी मानते. ते दाबायला लावणे हे नाही.

आपल्या देशात 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या सात प्रकारांत ऑटिझमचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याला जागा मिळाली. कायद्यामुळे शाळांत रॅम्प आले, हे चांगलेच झाले. रॅम्प दिसतो, त्याचा फोटो निघतो, तपासणीच्या तक्त्यात खूण करता येते. घंटेऐवजी काय वाजवले, किंवा वर्गाच्या कोणत्या कोपऱ्यात मुलाला न विचारता जाऊन बसता येते, याला तक्त्यात रकाना नाही. म्हणून मला भीती वाटते, की उद्या पैसा आला तर आपण एक बुडबुड्यांची खोली बांधू, तिला कुलूप घालू, किल्ली मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवू आणि बाकीचे सगळे वर्ग होते तसेच ठेवायला मोकळे होऊ.

पारेस आणि त्यांचे सहकारी पुढे आणखी एका टप्प्यावर गेले. ‘लँड्स ऑफ फॉग’ नावाच्या त्यांच्या खेळात जमिनीवर वरून धुक्याचे चित्र पाडलेले असते. दोन मुले आत येतात, एक ऑटिझम असलेले आणि एक नसलेले. दोघांच्या हातात फुलपाखरे पकडायच्या जाळीसारखी एकेक वस्तू. ती जिथे न्यावी तिथले धुके हटते आणि खालचा प्रदेश दिसतो. एकट्यालाही बरेच करता येते, पण दोघे एकत्र आले तर आणखी काही घडते. हा खेळ आखताना ऑटिझम असलेल्या मुलांनाच सोबत घेतले होते. म्हणजे बटण एकट्याच्या हातात देणे हा शेवट नव्हता. माझ्या बटणासमोर दुसऱ्याचेही बटण आहे, हे कळण्याची सुरुवात होती.

आमच्या मोहल्ल्यात हे धुके नळावर असते. एका मुलाच्या अम्मीने मोबाइलवर तो रंगीत दिवा पाहिला आणि मला विचारले, “आपा, हे मशीन आपल्याकडे कितीला मिळेल?” मी विचारले, “घरी त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं?” ती म्हणाली, “नळ. पाणी आलं की नळ उघडतो, बंद करतो, उघडतो, बंद करतो. धारेखाली हात धरून हसतो. पण आपा, पाणी तासभर येतं आणि घरात आम्ही नऊ जण. त्याला नळ दिला तर बाकीच्यांनी काय करायचं? नाही दिला तर डोकं आपटून घेतो.” मग तिने काय केले ते सांगितले. घरातला जुना ड्रम दोन विटांवर चढवून त्याला खाली प्लॅस्टिकची तोटी बसवली आणि तोटीखाली टब ठेवला. टब भरला की ती पाणी परत ड्रममध्ये ओतते. तोटी त्याची. मोरीतला नळ सगळ्यांचा. आता तो कधी कधी टब स्वतःच उचलायला जातो, अर्धे पाणी सांडते, आणि सासूबाई ओरडतात.